नव्या आवृत्तीनंतरची अडगळ



संगणकावरील लिनक्स प्रणालीची जुनी आवृत्ति जाऊन नवी आली म्हणजे काम संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. पडद्यावर नवें चित्र झळकतें, अक्षरें थोडीं अधिक रेखीव दिसतात, आणि दोनतीन तास यंत्रापुढें बसलेली मंडळी समाधानानें चहाला उठतात. परंतु यंत्रानें शेवटच्या कांहीं ओळींत एक निरोप दिलेला असतो, तो बहुधा कोणी वाचीत नाहीं. निरोप असा कीं, पुढील पॅकेजें आपोआप बसविण्यांत आलीं होतीं, आतां त्यांची जरूरी उरलेली नाहीं; तीं काढावयाचीं असल्यास ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा द्यावी. त्याबरोबर नांवांची भली मोठी यादी. आजच्या भाषणाचा विषय ही यादी आहे. आणि तिच्याखेरीज आणखी दोन याद्या, ज्या आपण विचारल्यावांचून यंत्र दाखवीत नाहीं.

बोलणें मोघम होऊं नये म्हणून मीं डेबियन या एकाच लिनक्सचें उदाहरण घेतलें आहे. इयान मर्डॉक या तरुण विद्यार्थ्यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं त्याची घोषणा केली, आणि तेव्हांपासून देशोदेशींचे स्वयंसेवक तें चालवीत आले आहेत. उबुंटु हें डेबियनवरून आणि मिंट हें मुख्यतः उबुंटुवरून तयार होत असल्यामुळें, आपल्या घरीं यांपैकीं एखादें असलें तरी पुढील विवेचन थोड्याफार फरकानें लागू पडेल. डेबियनची १२ वी आवृत्ति ‘बुकवर्म’ १० जून २०२३ रोजीं निघाली आणि १३ वी ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ रोजीं. हीं नांवें ‘टॉय स्टोरी’ या बोलपटमालिकेंतील खेळण्यांचीं आहेत. एवढ्या गंभीर कामाला खेळण्याचें नांव द्यावें, हें मला आवडतें. आपण १२ व्या आवृत्तीवरून १३ व्या आवृत्तीवर आलों आहों, असें धरून चालूं.

लिनक्समध्यें प्रत्येक प्रोग्राम एकएका गाठोड्यांत बांधून येतो. तें गाठोडें म्हणजे पॅकेज. पत्रलेखनाचा प्रोग्राम हें एक पॅकेज, त्याला लागणारे फॉन्ट हें दुसरें, चित्रें उलगडून दाखविणारा भाग हें तिसरें. आपण एकच मागतों, आणि त्याच्या पाठोपाठ वीस येतात.

ज्यांनीं शाळेंत किंवा सरकारी कचेरींत नोकरी केली आहे त्यांना डेड स्टॉक रजिस्टर नांवाची जाडजूड वही आठवेल. बाक, फळे, नकाशे, घंटा, कपाटें, सारें कांहीं तींत लिहिलेलें. बाकाचा पाय मोडून तो व्हरांड्यांत पडला, अर्धा वाळवीनें खाल्ला, तरी निर्लेखनाची मंजुरी येईपर्यंत तो बाक शाळेंत ‘आहे’. माझीं उमेदीचीं वर्षें या वहीच्या सहवासांत गेलेलीं असल्यामुळें, डेबियनहि अशीच एक वही ठेवतें हें कळल्यावर मला त्याच्याविषयीं एकदम आपलेपणा वाटला. मात्र यंत्राच्या वहींत एक रकाना जास्त आहे, आणि तो आमच्या वहींत असता तर शाळाशाळांचे व्हरांडे मोकळे झाले असते. तो रकाना म्हणजे ‘ही वस्तु कां आली’. मालकानें नांव घेऊन मागविली म्हणून आली, कीं दुसऱ्या कोणाच्या सोबतीनें आली? पहिल्या प्रकाराला ‘मॅन्युअल’ व दुसऱ्याला ‘ऑटो’ असा शेरा असतो. लग्नाला निमंत्रित येतात, आणि निमंत्रितांबरोबर त्यांचे भाचेपुतणे येतात, तसाच हा भेद. निमंत्रित निघून गेला आणि पुतण्या मांडवांत एकटाच उरला, कीं यंत्र त्याचें नांव त्या निरोपाच्या यादींत घालतें.

हें करतांना यंत्र चांगलीच सावधगिरी बाळगतें. मागविलेल्या एखाद्या पॅकेजाला ज्याच्यावांचून चालत नाहीं, तें तर यादींत येतच नाहीं. पण ज्याची कोणीं नुसती शिफारस केली आहे, किंबहुना ‘असल्यास बरें’ एवढेंच ज्याच्याविषयीं म्हटलें आहे, त्यालाहि तें हात लावीत नाहीं. म्हणून ही पहिली यादी बरीचशी विश्वासार्ह असते. ‘बरीचशी’ हा शब्द मी जपून वापरतों. यंत्राला वहींतला शेरा दिसतो, आपला वापर दिसत नाहीं. चित्रें पाहण्याचा एखादा छोटा प्रोग्राम कोणाच्या तरी सोबतीनें आलेला असतो, आपण रोज त्यांतच नातवंडांचीं छायाचित्रें पाहतों. वहींत मात्र तो अजून पुतण्याच. असें नांव यादींत आढळलें तर ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ असें लिहून पुढें तें नांव द्यावें. त्या क्षणापासून तो निमंत्रितांत जमा होतो. आणि यंत्राला प्रत्यक्ष कांहीं करूं न देतां नुसती यादी पाहावयाची असेल, तर ऑटोरिमूव्हच्या आज्ञेपुढें एक आडवी रेघ व इंग्रजी ‘एस’ हें लहान अक्षर लिहावें. यंत्र काय करणार आहे तें सांगतें आणि स्वस्थ बसतें. ती यादी मोठ्यानें वाचावी, असा माझा मास्तरी आग्रह आहे. डोळे नांवांवरून घसरतात, जीभ सहसा घसरत नाहीं.

यादी न वाचल्यानें काय होतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण नोव्हेंबर २०२१ मधील आहे. लायनस सेबॅस्टियन हा कॅनडांतील गृहस्थ यंत्रांविषयींच्या चित्रफितींबद्दल जगभर ओळखला जातो. त्यानें पॉप-ओएस नांवाच्या लिनक्सवर खेळांचा ‘स्टीम’ हा प्रोग्राम बसविण्याची आज्ञा दिली. त्या दिवसांत तेथील पॅकेजांच्या परस्परसंबंधांत एक चूक राहून गेलेली होती. यंत्रानें स्पष्ट सांगितलें कीं, हें करावयाचें तर आणखी पुष्कळ आवश्यक पॅकेजें काढावीं लागतील; खरोखरच करावयाचें असल्यास ‘होय, मी सांगतों तसें कर’ हें वाक्य पुरें लिहून द्या. त्यानें तें लिहून दिलें. पडद्यावरील सर्व खिडक्या, चित्रें, मेनू नाहींसे झाले आणि काळ्या पाटीवर पांढरीं अक्षरें तेवढीं उरलीं. हा मनुष्य अनाडी नव्हता. यंत्रें उघडणें व जोडणें हा त्याचा नित्याचा उद्योग. त्या प्रसंगानंतर ॲप्टच्या कर्त्यांनीं ही वाट बरीच अवघड केली. तरी ‘होय’ म्हणण्याचा अधिकार शेवटीं मालकाकडेच राहतो.

१३ व्या आवृत्तीच्या बाबतींत आणखी एक गोष्ट नवख्याला घाबरवते. आवृत्तिबदल चालू असतांना शेकडों लायब्रऱ्या गेल्याचें दिसतें, आणि त्यांच्या जागीं त्याच नांवाच्या, पण शेवटीं ‘टी ६४’ असें शेपूट असलेल्या येतात. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. संगणकांतील काळ १ जानेवारी १९७० पासून सेकंदांनीं मोजला जातो. जुन्या ३२ बिटांच्या मोजणींत २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडचा आंकडा मावत नाहीं, आणि एवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजीं पुरे होतात. ही अडचण दाराशीं येऊन ठेपण्यापूर्वींच दूर करावी म्हणून डेबियनच्या मंडळींनीं काळाची मोजणी ६४ बिटांची केली, आणि जेथें जेथें हा बदल पोचत होता त्या लायब्रऱ्यांचीं नांवें बदललीं. आपल्या घरांतील नेहमींच्या ६४ बिटांच्या यंत्रांना हा दोष मुळांतच नव्हता. परंतु सर्व जातींच्या यंत्रांवर नांवें सारखीं राहावींत म्हणून येथेंहि बदल झाला. तेव्हां जुनें नांव गेलेलें दिसलें तर दचकूं नये. लग्नानंतर मुलीचें नांव बदलतें, मुलगी तीच असते.

आतां ही पहिली यादी केव्हां निकालांत काढावी? आवृत्तिबदल आटोपल्याबरोबर, हें उत्तर मला मान्य नाहीं. प्रथम यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. प्रणालीचा गाभा जें कर्नेल, तें १२ व्या आवृत्तींत ६.१ होतें, १३ व्या आवृत्तींत ६.१२ आहे, परंतु यंत्र पुन्हां सुरू होईपर्यंत कारभार जुन्याच कर्नेलच्या हातीं असतो. नव्याचें आपल्या पडद्याशीं, वायफायशीं, ध्वनीशीं जमतें कीं नाहीं हें तें गादीवर बसल्याशिवाय कळत नाहीं. नाहीं जमलें, तर सुरवातीच्या यादींतून जुनें कर्नेल निवडून काम चालवितां येतें. ऑटोरिमूव्ह चालू कर्नेल आणि सर्वांत नवें कर्नेल स्वतः होऊन राखतें. पण उत्साही मनुष्य नांवें घेऊन हातानें काढूं लागला, म्हणजे ती राखण फारशी कामाला येत नाहीं. उलट ज्यांच्या यंत्रांत ‘बूट’ हा विभाग निराळा व तुटपुंजा आहे, त्यांना जुनीं कर्नेलें आवृत्तिबदलापूर्वींच थोडीं कमी करावीं लागतात. १३ व्या आवृत्तीच्या सूचनांत हा विभाग निदान ७६८ मेगाबाइटांचा असावा व त्यांत सुमारें ३०० मेगाबाइट मोकळे असावेत, असें सांगितलें आहे. जुन्या यंत्रांतून तो याहून लहान सांपडतो.

चारपांच दिवस नेहमींचीं सर्व कामें करून पाहावींत: छपाई, बँकेचें पान, मुलांचे वर्ग, मराठी लेखन. मग ऑटोरिमूव्ह.

यापुढची दुसरी यादी अधिक महत्त्वाची, आणि ती आपणहून मागावी लागते. ‘ॲप्ट लिस्ट’ असें लिहून त्यापुढें, अवतरणचिन्हांत, टिल्ड हें नागमोडी चिन्ह व इंग्रजी ‘ओ’ हें लहान अक्षर लिहिलें, कीं जीं पॅकेजें आपल्या यंत्रांत आहेत पण डेबियनच्या कोठारांत आतां नाहींत, तीं समोर येतात. अशीं कां असतात? प्रत्येक आवृत्तीच्या वेळीं कोठाराची झडती होते. ट्रिक्सींत एकंदर ६९,८३० पॅकेजें आहेत, त्यांत १४,१०० हून अधिक नवीं. आणि ८,८४० हून अधिक कालबाह्य म्हणून वगळलीं गेलीं. एखाद्या प्रोग्रामचा कर्ता काम सोडून देतो, एखाद्याला सांभाळणारा स्वयंसेवक मिळत नाहीं, एखाद्याची जागा दुसरा चांगला घेतो. कोठारांतून नांव कमी झालें तरी आपल्या यंत्रांतील प्रत जागच्या जागीं राहते आणि कालच्यासारखीच चालते. धोका आहे तो या ‘कालच्यासारखीच’ मध्यें.

अडगळ काढावयाची ती जागेसाठीं, असें लोक समजतात. जागेचा प्रश्न खरा पाहतां किरकोळ आहे. मुख्य प्रश्न राखणीचा आहे. कोठारांतील पॅकेजांत कोठें छिद्र सांपडलें तर तें बुजवून सुधारलेली प्रत आपल्यापर्यंत पोचविणारीं माणसें आहेत. कोठाराबाहेर गेलेल्या पॅकेजाला असा रखवालदार नाहीं. आज सांपडलेलें छिद्र तेथें कायमचें उघडें राहतें, आणि आपणांस कोणी कळवीतहि नाहीं. शिवाय हीं बेवारस पॅकेजें पुढच्या आवृत्तीच्या वेळीं वाटेंत आडवीं पडतात. म्हणून या यादीचा निकाल लावलाच पाहिजे. मात्र निकाल लावणें म्हणजे सरसकट झाडू फिरविणें नव्हे, कारण या यादींत अडगळीच्या शेजारींच घरांतल्या चालत्या वस्तूहि बसलेल्या असतात.

छपाईयंत्राचेंच पाहा. त्याच्या कारखानदाराच्या ठिकाणाहून उतरवून घेतलेलें पॅकेज डेबियनच्या कोठारांत कधींच नव्हतें. तें या यादींत येणारच. यादी सबंध काढून टाकणारा मनुष्य दुसऱ्या दिवशीं परीक्षेचें हॉलतिकीट छापावयास बसतो, आणि मग घरभर शोधाशोध सुरू होते. मराठी लेखनाचीहि तीच गोष्ट. कित्येकांनीं देवनागरीसाठीं ‘एफसीआयटीएक्स’ ही लेखनव्यवस्था पूर्वीं बसवून घेतली होती. तिची ४ थी पिढी १३ व्या आवृत्तींतून वगळली गेली आणि ५ वी तिच्या जागीं आली. जुनी यंत्रांत राहिली असेल तर ती यादींत दिसते, आणि तिच्याच आधारानें आपण पत्रें लिहीत असण्याचा संभव असतो. येथें आधीं ५ वी पिढी तिच्या देवनागरी भागासह बसवावी, एक पत्र लिहून पाहावें, जोडाक्षरें नीट उमटतात याची खात्री करावी, मग ४ थीला निरोप द्यावा.

परंतु ज्याची मला खरी काळजी वाटते तें उदाहरण निराळेंच आहे. समजा, आपल्या पेठेंतील एखाद्या वाचनालयानें पुस्तकांची, वर्गणीदारांची आणि देवघेवीची नोंद पोस्टग्रेस या नोंदसंग्राहकांत ठेवली आहे. १२ व्या आवृत्तींत पोस्टग्रेस १५ होतें, १३ व्या आवृत्तींत १७ आहे. आवृत्तिबदल झाल्यावर १७ येऊन बसतें, पण त्याचा संग्रह कोरा असतो. सर्व नोंदी १५ पाशींच राहतात, आणि १५ आपलें काम चालूच ठेवतें. ग्रंथपालाला कांहींच वेगळें दिसत नाहीं. पण कोठारांतून गेल्यामुळें तें १५ मात्र या दुसऱ्या यादींत असतें. डेबियनच्या जाणत्या मंडळींनीं त्याला ऑटोरिमूव्हपासून मुद्दाम दूर ठेवलें आहे. जो मनुष्य दुसऱ्या यादीला सरसकट ‘पर्ज’ म्हणतो, त्याच्यापुढें तें संरक्षण चालत नाहीं. ‘रिमूव्ह’ म्हणजे वस्तु काढणें. ‘पर्ज’ म्हणजे वस्तूबरोबर तिची मांडणी, खुणा, सारें पुसून टाकणें. पोस्टग्रेसच्या बाबतींत ‘पर्ज’ करतांना नोंदींचा संग्रहहि काढावा काय, असा प्रश्न येतो. दुपारीं तीन वाजतां, एकामागून एक प्रश्नांना ‘होय’ म्हणत असलेला स्वयंसेवक त्यालाहि होय म्हणून जातो. दोन पिढ्यांचीं पुस्तकें कपाटांत जेथल्या तेथें असतात. कोणतें पुस्तक कोणाकडे गेलें आहे, एवढेंच कोणाला सांगतां येत नाहीं.

योग्य मार्ग असा. आधीं सर्व नोंदींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर. नंतर १७ चा कोरा संग्रह काढून, ‘पीजी-अपग्रेडक्लस्टर’ हें खास साधन वापरून १५ मधील नोंदी १७ मध्यें न्यावयाच्या. मग आठवडाभर देवघेव त्यावर चालवावयाची. आणि त्यानंतर १५ चें निर्लेखन.

घरगुती श्रोत्यांना येथें एक दिलासा देतों. पॅकेज काढल्यानें आपल्या स्वतःच्या फोल्डरांतील पत्रें, छायाचित्रें, गाणीं जात नाहींत. पॅकेजांनीं माणसांच्या फोल्डरांना हात लावूं नये, असा डेबियनचा दंडक आहे. पोस्टग्रेससारख्यांचे संग्रह त्या फोल्डरांत नसतात, प्रणालीच्या स्वतःच्या जागेंत असतात, म्हणून तेथें एवढी दक्षता.

जुन्या जाणकारांना या कामासाठीं ‘डेबऑर्फन’ नांवाचें एक साधन ठाऊक असेल. ज्यांना कोणी विचारीत नाहीं अशा अनाथ लायब्रऱ्या हुडकून काढणें हें त्याचें काम, आणि वर्षानुवर्षें लोकांनीं विश्वासानें तें वापरलें. १३ व्या आवृत्तींतून तेंच वगळलें आहे. तेव्हां ज्यांच्या यंत्रांत तें होतें त्यांना दुसऱ्या यादींत त्याचेंच नांव आढळेल. अडगळ काढणारा झाडूच अडगळींत गेला. त्याच्या जागीं ‘ॲप्ट-मार्क मिनिमाइज-मॅन्युअल’ ही आज्ञा सुचविण्यांत येते. तिचें काम असें: मूळ स्थापनेच्या वेळीं पुष्कळशा पुतण्यांवर निमंत्रितांचा शेरा पडून गेलेला असतो, जे दुसऱ्या मोठ्या निमंत्रिताबरोबर आले आहेत असें ठरवितां येतें, त्यांचा शेरा ही आज्ञा बदलून ‘ऑटो’ करते, म्हणजे पुढें ऑटोरिमूव्हला काम करतां येतें. ती आपण काय बदलणार तें आधीं दाखवते. तेंहि वाचावें.

तिसरी यादी निरुपद्रवी म्हणावी अशी आहे. पॅकेज गेलें पण त्याची मांडणी मागें राहिली, अशांची ती यादी. टिल्डपुढें ‘ओ’ ऐवजीं ‘सी’ लिहिलें कीं ती दिसते. भाडेकरू जागा सोडून गेला, तरी भिंतींत त्याचे खिळे राहतात, तसें हें. बहुतेक खिळे उपटले तरी चालतात. ज्यांनीं एखाद्या मांडणींत आपल्या हातानें फेरफार केलेले असतील, त्यांनीं तेवढी फाइल बाजूला उतरवून घ्यावी, मग ‘पर्ज’. आवृत्तिबदलाच्या वेळीं ‘तुमची मांडणी ठेवूं कीं नवी घेऊं’ असा प्रश्न अधूनमधून आलेला असतो. त्या वेळीं जी नाकारली ती प्रत ‘डीपीकेजी-ओल्ड’ किंवा ‘डीपीकेजी-डिस्ट’ अशा शेपटाची होऊन ‘इटीसी’ या फोल्डरांत पडून राहते. त्या प्रती ताडून पाहणें कंटाळवाणें आहे. पण नवी सोय आपल्याकडे कां दिसत नाहीं, याचें उत्तर कित्येकदां तेथेंच सांपडतें. उतरवून घेतलेल्या गाठोड्यांचा ढीग राहिला असेल तर तो ‘ॲप्ट क्लीन’ या एका आज्ञेनें जातो. त्याविषयीं अधिक बोलण्याजोगें कांहीं नाहीं.

शेवटीं एक फाइल. ‘व्हार’ या फोल्डरांत ‘लॉग’, त्यांत ‘ॲप्ट’, आणि त्यांत ‘हिस्टरी’ नांवाची नोंद असते. कोणत्या दिवशीं, कोणत्या आज्ञेनें, कोणतीं पॅकेजें आलीं आणि कोणतीं गेलीं, तें तींत तारीखवार लिहिलेलें असतें. साफसफाईनंतर दोन आठवड्यांनीं स्कॅनर चालेनासा झाला, तर ही नोंद उघडून त्या दिवशीं काय गेलें तें पाहावें आणि नांव घेऊन परत बोलवावें. कोठारांत असलेलें पॅकेज मिनिटभरांत परत येतें. नेहमींच्या व्यवस्थेंत या नोंदी महिन्याला एक याप्रमाणें बारा ठेवल्या जातात, आणि त्याहून जुन्या आपोआप पुसल्या जातात. ज्या महिन्यांत आवृत्तिबदल केला, त्या महिन्याची नोंद निराळी उतरवून एखाद्या पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि पेनड्राइव्हवर तारीख घालून ठेवावी.